मालक नसलेले फोल्डर

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. परवापर्यंत माझ्या पोटात हजारो माणसांचे स्कॅन होते. आज काहीच नाही.

तपासणी केंद्राच्या मागच्या खोलीत, झाडू-बादलीशेजारी मला बसवलं. नवा होतो तेव्हा डॉक्टर पाहुण्यांना आणून दाखवायचे. इथे काढलेला स्कॅन माझ्याकडे यायचा आणि फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरने मी तो परगावच्या सर्जनकडे पोचता करायचो.

इथली माणसं एक नंबरची आळशी. आपापला पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? सगळेच काकांच्या नावाने कामाला बसायचे. काका म्हणजे सकाळी मला सुरू करणारे मदतनीस. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ज्याच्या नावाने फोल्डर बनतो तो त्याचा मालक, म्हणून माझ्यातला प्रत्येक फोल्डर त्यांच्या मालकीचा झाला, दुसऱ्या कोणाला न उघडणारा. ते निवृत्त झाले, आणि निरोपाचा चहा गार व्हायच्या आत व्यवस्थापकांनी त्यांचं खातं काढून टाकलं.

मग एक ताई आली. तिच्या भावाच्या डोक्यात गाठ होती. ती किती वाढली हे बघायला सर्जनला ऑपरेशनआधी जुना स्कॅन हवा होता. केंद्राचा ऑपरेटर स्वतःच्या नव्या खात्याने आत आला. मी येऊ दिलं. फोल्डर उघडायला गेला, तिथे अडवलं. 'परवानगी नाही.' स्पष्ट लिहिलं होतं, मित्रांनो! वाचतो कोण? दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मला बंद-चालू करून दमवलं. फोल्डरचा मालक बदलायचा, एवढंच काम होतं.

"म्हातारा झालाय हा," दुरुस्तीवाला म्हणाला. "सगळं पुसून नव्याने बसवतो."

"अहो दादा, आणि माझ्या भावाचा स्कॅन?"

"ताई, फोल्डर उघडतच नाही, म्हणजे आत काही नाहीये."

"असं कसं? मीच आणलं होतं त्याला इथे!"

"नवा काढून देतो की," व्यवस्थापक म्हणाले.

"नव्या स्कॅनमध्ये तेव्हाची गाठ दिसते का हो, साहेब?"

दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं. स्कॅन माझ्यात होता. शाबूत होता. तो पुसला जात असताना ती दाराशीच उभी होती.

आता मी झरझर चालतो. व्यवस्थापक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "बघा, झाला की नाही ठीक?"

मित्रांनो, यंत्र अडलं तर लगेच पुसायला धावू नका. ते काय सांगतंय ते आधी वाचा. ताईच्या भावाला याचा आता काही उपयोग नाही म्हणा. उद्या सर्जन अंदाजाने कापणार आहे.