चावणारी इस्त्री

"काय काकू, चावली का आज इस्त्री?"

गणवेश शिवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात कामाची सुरुवात व्हायची ती याच थट्टेनं. इस्त्रीला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. काकू हसून म्हणायच्या, "चावते कसली, लाडानं चिमटा काढते!" आणि पायांत रबरी चपला अडकवून कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढायच्या.

मालकीणबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण शाळा उघडायच्या तोंडावर काम कोण थांबवणार?

त्या दिवशी त्यांची थोरली नणंद कुर्ता घट्ट करून घ्यायला आली होती. कारखान्यांतली, कचेऱ्यांतली विजेची उपकरणं तपासणं हाच तिचा व्यवसाय. थट्टा कानावर पडताच तिचा चेहरा बदलला.

"वहिनी, ती इस्त्री आधी बंद करा."

"अहो वन्सं, जरासं झिणझिणतं, एवढंच! इतके दिवस चाललीय, कुणाला काही झालं का?"

"झालं नाही म्हणजे होणार नाही, असं थोडंच आहे? तारेतून जायची वीज इस्त्रीच्या अंगावर आलीय. आज नुसत्या मुंग्या येतायत. हात ओला असला तर?"

"उद्या माल जाऊ दे, मग पहिलं तेच काम. शप्पथ!"

नणंद आणखी काही बोलणार, एवढ्यात पलीकडून घुसमटल्यासारखा आवाज आला. काकूंनी कापडावर पाणी शिंपडून तशाच ओल्या हातानं इस्त्री उचलली होती. घाईत चपला घालायच्या राहिल्या होत्या. मूठ इस्त्रीवर आवळलेली, अंग थरथरतंय, डोळे फिरलेले!

मालकीणबाई त्यांना ओढायला धावल्या.

"हात लावू नका त्यांना!" नणंद किंचाळली. भिंतीकडे झेप घेऊन तिनं मेन स्विच बंद केला. मशीनं थांबली. काकू कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात बचावल्या. आजची रात्र इथेच राहू द्या."

काकूंनी डोळे उघडले ते काळजीनंच. "बाई, गणवेश राहिले ना?"

"चुलीत गेले ते गणवेश!" मालकीणबाईंना रडू फुटलं. "तुमच्या लेकीला मी काय तोंड दाखवलं असतं?"

त्यांनी तिथूनच, गणवेश मागवलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला तो फक्त तपासणीसाठी. इस्त्रीच्या आतल्या तारेचं आवरण वितळलेलं आणि प्लगमधली, अंगावर आलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार तुटलेली निघाली. एका मशीनची वायर सोललेली, चहाच्या किटलीचा प्लग जळका. मालकीणबाई तो जळका प्लग हातात घेऊन रडू लागल्या.

"अगं बाई! म्हणजे मी या सगळ्यांना रोज मरणाच्या दारात बसवत होते!"

नणंदेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, दोष सापडला म्हणून रडू नका. न सापडलेला दोष जीव घेतो. आता नेमानं तपासत राहायचं."

गणवेश उशिराच पोचले. मुख्याध्यापिकांनी मुळीच कुरकुर केली नाही. उलट विचारलं, "तुमच्या नणंदबाई आमच्या शाळेतलीही उपकरणं तपासतील का?"

काकू बऱ्या होऊन कामावर आल्या. आता कुणाच्या बोटांना जराशा मुंग्या आल्या, तरी ती बाई आधी बटण बंद करते आणि मग हाक मारते. कुणी हसत नाही, कुणी 'उद्या बघू' म्हणत नाही.

मित्रहो, तुमच्याही कामाच्या जागी एखादं यंत्र चिमटे काढत असेल. त्याची सवय करून घेऊ नका. ते आजच बंद करा, जाणकाराकडून तपासून घ्या. कामाला दोन दिवस उशीर झालेला चालतो. माणूस संध्याकाळी धडधाकट घरी पोचलाच पाहिजे!