डावा खांदा

सोमवारी दुपारी पडद्यावर काय दिसणार हे लेम्युएल पेटवेला पक्कं ठाऊक होतं, तरी त्याने दिवे घालवले. टोलेडोच्या स्टीमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाची ही जुनी रीत. रविवारचा सामना हरला की सोमवारी सगळी चुकलेली टॅकल, म्हणजे चेंडूवाला गडी धरून पाडताना झालेल्या चुका, एकापाठोपाठ एक जोडून दाखवायची. आवाज बंद. चुकणाऱ्याचं नाव मागच्या फळीच्या कोचने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मागच्या फळीचा कोच पेटवे होता.

"मॅबरी," तो म्हणाला. पडद्यावर चेंडू काखेत मारलेला एक आडदांड गडी जरेल मॅबरीच्या हाताखालून निसटला आणि सुटला.

"मॅबरी." पुन्हा तेच.

तिसऱ्यांदाही तेच नाव वाचावं लागलं, तेव्हा मागच्या खुर्चीवरून डिशील्ड्स बोललाच. "अरे जरेल, दार उघडून दिलंस त्याला! कॉफी विचारायची तेवढी राहिली!"

पोरं हसली. मॅबरीही हसला. तो बत्तीस वर्षांचा, संघातला सर्वांत जुना सेफ्टी. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा गडी. त्याच्या पाठीमागे नुसतं गवत असतं. पुढचे दहा जण चुकले तर तो आहे, पण तो चुकला की विचारायलाच नको. सहा वर्षं मैदानाची डावी बाजू त्याने एकट्याने राखली होती आणि तिकडून पळायला भलेभले कचरायचे. आणि आता हे असं. खेळाडूंमध्ये याला 'हिशेबी खेळ' म्हणतात. म्हणजे माणूस अंगावर आला की मनात स्वतःच्या हाडांचा हिशेब करायचा आणि हळूच बाजूला व्हायचं. याहून घाण शिवी या धंद्यात नाही.

मुख्य कोच ड्रेकॉट दाराला टेकून उभा होता. सगळे बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "लेम, तुझी माणसं टॅकल करत नाहीत, कुरवाळतात. रविवारी ओमाहाशी गाठ आहे. हरलो तर मोसम खलास. मागची फळी सुधार. नाहीतर सुधारणारा दुसरा बघतो मी."

"सुधारतो," पेटवे म्हणाला.

ड्रेकॉट हा काही वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त हरणं सोसत नसे, आणि असल्या माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे रोजचं मरण.

पेटवेने तीच फिल्म एकट्याने परत लावली. पाहायचं म्हणजे त्याला खुर्चीसकट पडद्याकडे वळावं लागे, कारण त्याची मान वळत नव्हती. तो स्वतः खेळायचा तेव्हा शिकवण अशी होती की धावणाऱ्याच्या पुढ्यात डोकं घालायचं आणि पलीकडच्या खांद्याने हाणायचं. पेटवेने इमानेइतबारे डोकं घातलं. आता कुणी हाक मारली की तो धक्क्याला लागणाऱ्या बोटीसारखा सगळाच्या सगळा वळतो. म्हणून कोच झाल्यावर त्याने रग्बीवाल्यांकडून दुसरी रीत उचलली. डोकं नेहमी धावणाऱ्याच्या मागे, जवळचा खांदा त्याच्या मांडीत, दोन्ही हातांचा विळखा, आणि तो पडेपर्यंत पाय चालते. या वर्षी त्याने ती सगळ्यांकडून घोटून घेतली होती. आपल्या हाताखालचं एकही पोरगं आपल्यासारखं वळता कामा नये, एवढा एकच हट्ट त्याने आयुष्यात धरला होता. बाकी बाबतीत माणूस मऊ.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. मॅबरी उजव्या खांद्याने एकदाही चुकला नव्हता. प्रत्येक वेळी डावा. डावीकडे उभा राहणाऱ्याला बाहेर पळणारा गडी डावीकडेच सापडतो, म्हणजे नव्या रीतीने डावाच खांदा लावायचा. खांदा लागत होता, पण विळखाच पडत नव्हता. डावा हात नुसताच लोंबत होता.

मंगळवारी सरावाच्या मैदानावर तळ्याकडून असा वारा येत होता की शिट्टी ओठाला चिकटावी. बाकीचे जेवायला पळाले तसं पेटवेने मॅबरीला थांबवलं. फोमचं मोठं चाक त्याने उजवीकडे लोटलं. मॅबरी धावला आणि चाक मिठीत घेऊन आडवा झाला. झकास. मग त्याने डावीकडे लोटलं. मॅबरी आदळला, चाक डुगडुगलं आणि पुढे निघून गेलं.

"डावा हात वर कर."

"कोच, थंडी किती आहे!"

"मी हवामान विचारलं नाही. हात वर कर."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला. मॅबरीने तो उजव्या हाताने खाली घेतला. अगदी हळू, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा.

"कधीपासून?"

"झाला महिना. एकदा मानेतून बोटांपर्यंत उकळतं पाणी ओतल्यासारखं झालं. वाटलं, नेहमीचंच आहे, जाईल. गेलं नाही. आता ही दोन बोटं झोपलेलीच असतात." मग तो घाईने म्हणाला, "डॉक्टरला नका सांगू, कोच. मान तपासतील. एकदा मान तपासली की परत मैदानात कोण जाऊ देतंय? मला असं नाही जायचं. लोकांच्या डोक्यात हेच राहील, की मॅबरी शेवटी भ्याला. एवढा ओमाहा होऊ द्या. एकदा नीट खेळतो, मग स्वतः जाऊन सांगतो."

"आणि हात गेला तर?"

"तुम्ही गेला होतात का कधी डॉक्टरकडे?"

डॉक्टरची खोली तिथून हाकेच्या अंतरावर होती. आत बसलेला माणूस खिडकीतून दिसतही होता. चालत जायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम. पण एका खेळाडूचं दुखणं दुसऱ्याने सांगायचं नाही, हे या लोकांच्या हाडात शाळेपासून भिनलेलं असतं. चोरी सांगतील, दारू सांगतील, दुखणं सांगणार नाहीत. त्यातून पेटवेच्या कानात ड्रेकॉटचं बोलणं घुमत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोक्यात एक युक्ती आली होती. युक्ती आली की शहाण्या माणसाचंही लहान पोर होतं.

"तुला उजवीकडे घेतो," तो म्हणाला. "तिकडे बाहेर पळणारा तुला उजव्या खांद्यावर सापडेल. तिकडचा सेफ्टी फिंच, त्याला डावीकडे टाकतो. कुणाला पत्ता लागायचा नाही."

मॅबरीचा चेहरा असा उजळला की पेटवेला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. "कोच, तुम्ही म्हणजे ना…" तो म्हणाला.

"एक सामना. सोमवारी सकाळी तू डॉक्टरकडे. नाही गेलास तर मानगुटीला धरून नेईन."

"मानगूट तेवढी सोडून धरा."

दोघंही हसले.

तो आठवडा मात्र सोन्यासारखा गेला. पेटवेने मागची फळी अक्षरशः पिंजून काढली. "खांद्याकडे बघू नका, डोक्याकडे बघू नका, ती फसवतात. जवळची कंबर धरून ठेवा, कंबर खोटं बोलत नाही!" असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. टॅकलच्या आधी पाय लहान टाकायचे, एकट्याने झेप घ्यायची नाही, एकाने बाहेरची वाट अडवायची आणि दुसऱ्याने आतून यायचं. चेंडू सुटण्याआधी प्रत्येकाने आपण काय करणार ते शेजाऱ्याला ओरडून सांगायचं. डिशील्ड्सला ओरडायची लाज वाटायची, तोही ओरडू लागला. फिंच डावीकडे चाचपडला, मग सावरला. उजवीकडून मॅबरी धाडधाड चाकं आडवी करत होता. शुक्रवारी ड्रेकॉटने बाजू का बदलली विचारलं. पेटवेने ओमाहाचे धावणारे कुठल्या बाजूला जास्त पळतात वगैरे काहीबाही सांगितलं. ड्रेकॉट खूश झाला. त्याने पेटवेच्या पाठीवर थाप मारली आणि पेटवेच्या मानेतून कळ मस्तकापर्यंत गेली.

रविवारी बारीक बर्फ पडत होतं. लोक तरीही आले. बिअरचे कॅन हातमोज्यांत धरून उभ्याने ओरडत होते. पूर्वार्धात स्टीमर्सची मागची फळी बघत राहावी अशी खेळली. कुणी निसटलं नाही. मॅबरीने तर एकाला असा उचलून पाडला की डिशील्ड्स त्याच्या हेल्मेटवर थापा मारत म्हणाला, "आज कॉफी नाही का रे विचारली?"

मध्यंतरानंतर ओमाहाचा पहिलाच डाव वेगळा होता. त्यांचा धावणारा मॅबरीच्या उजवीकडे पळाला, मॅबरी तिकडे झेपावला, आणि ऐन वेळी गडी आत वळून त्याच्या डाव्या अंगाने निघून गेला. मॅबरीचा हात हवेत राहिला. पुढे फिंचने कसंबसं पाडलं. दोन डाव गेले आणि पुन्हा तेच. आधी उजवीकडे ओढायचं, मग डावीकडून जायचं. हे योगायोगाने होत नाही. त्यांना कळलं होतं.

पेटवेचा हात हेडफोनच्या बटणावर गेला. त्याला बाहेर घ्या, एवढं म्हणायचं होतं.

"काय लेम?" ड्रेकॉटचा आवाज कानात आला.

का बाहेर घ्यायचं, ते सांगावं लागणार होतं. कधीपासून माहीत होतं, तेही. पेटवेने कडेच्या रेषेजवळ येऊन मॅबरीकडे पाहिलं. मॅबरीने लांबूनच मान हलवली. नको. माणसाच्या डोळ्यांत एवढी विनवणी पाहिली की चांगला माणूस हमखास चूक करतो.

"काही नाही," पेटवे म्हणाला.

शेवटच्या मिनिटांत ओमाहाला जिंकायला थोडीच जागा ओलांडायची होती. गडी उजवीकडे निघाला आणि आत वळला. मॅबरी या वेळी फसला नाही, तो वाट बघत होता. पण माणूस आला डाव्या अंगाला, आणि डावा खांदा असून नसल्यासारखा. मग मॅबरीने अंग पिळलं, उजवा खांदा पुढे काढला आणि डोकं धावणाऱ्याच्या पुढ्यात घातलं. जुनी रीत. पेटवेची रीत. वर्षभर घसा फोडून जी त्याने या पोरांच्या अंगातून काढली होती, तीच.

गुडघा हेल्मेटवर बसल्याचा आवाज कडेपर्यंत आला. धावणारा जागीच आडवा झाला. स्टेडियम दणाणलं. मॅबरी उठला नाही.

पेटवे पोचला तेव्हा डॉक्टरने मॅबरीचा बूट काढला होता आणि तो त्याच्या पायाचा अंगठा दाबत होता. मॅबरी आभाळाकडे बघत होता. तोंडावर बर्फ पडत होतं ते पुसायला हात उठत नव्हता.

"दाबा ना," तो म्हणाला. "दाबलंत की सांगतो."

डॉक्टर दाबतच होता.

सामना स्टीमर्सनी जिंकला. स्ट्रेचरची गाडी मैदानाबाहेर नेणाऱ्या बोगद्यातून गेली तेव्हा लोकांनी टोप्या काढल्या, आणि मग घड्याळ संपल्यावर जल्लोषही केला. ड्रेकॉट डोळे पुसत पेटवेजवळ आला. "पोरगं बरं होईल, होईलच. पण टॅकल बघितलंस? याला म्हणतात टॅकल! सोमवारी पहिलं हेच दाखव सगळ्यांना." तो मनापासून बोलत होता.

बोगद्याच्या तोंडाशी हॉलिस ब्रॅनिगन थांबला होता. ओमाहाची चढाई आखणारा कोच, आणि त्याआधी पेटवेचा जुना जोडीदार. एकाच संघात दोघं शेजारी शेजारी सेफ्टी खेळले होते. हॉलिसचा चेहरा पांढरा पडला होता.

"लेम, कसा आहे तो?"

"हॉस्पिटलमध्ये नेलाय. निघालोच आहे."

"मीच सांगितलं होतं आमच्या पोरांना, त्याच्या डाव्या अंगाने जा." हॉलिसने पेटवेची बाही धरली होती. "पहिल्या डावाला तो उजवीकडे दिसला. म्हटलं, सहा वर्षं डावीकडे उभा राहणारा माणूस आज इकडे कसा? मग त्याच्या मागच्या सामन्यांची फिल्म काढली मध्यंतरात. डावा हात मेलाय त्याचा. तू बाजू बदलली नसतीस ना लेम, तर माझ्या लक्षातसुद्धा आलं नसतं. आणि मला वाटलं तो सोडून देईल. इतके दिवस सोडतच होता की! तो डोकं घालेल असं कुणाला वाटणार? तुझ्या हाताखालचा माणूस?"

पेटवेने हेडफोन काढून हातात घेतला.

"बाजू ड्रेकॉटने बदलायला लावली, हो ना?" हॉलिस म्हणाला. "मी आमच्या पोरांना तेच म्हणालो. म्हटलं, लेमला माहीतच नसणार. लेमला माहीत असतं तर त्याने या पोराला बूटसुद्धा घालू दिले नसते."

आत कुणीतरी गाणं लावलं होतं. पेटवे सगळाच्या सगळा हॉलिसकडे वळला.

"हो," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

हॉलिसने सुटकेचा श्वास टाकला आणि त्याला मिठी मारली. मानेला धक्का लागू नये म्हणून अगदी जपून.