एकतीस विरुद्ध तेरा

आकडेबाईंनी मोठ्या साहेबांवर डूख धरला त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि साहेबांना त्याची गंधवार्ताही नव्हती. साहेब छातीच्या विकारांच्या विभागाचे प्रमुख. बाई त्याच रुग्णालयाच्या संशोधन समितीवर संख्याशास्त्रज्ञ. कुठल्या अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे, हे त्यांच्या सहीशिवाय ठरत नसे. म्हणून सगळे त्यांना आकडेबाई म्हणत, आणि त्याही ओ देत.

नऊ वर्षांपूर्वी त्या कॉलेजात शिकवत होत्या. त्यांची धाकटी बहीण रेडिओवर ध्वनिमुद्रण करायची. गाणाऱ्याने श्वास कुठे चोरला ते डोळे मिटून सांगायची. तिच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला आणि साहेबांच्या वॉर्डात तिला दिवसातून तीनदा इंजेक्शन सुरू झालं. फुप्फुस बरं झालं, कान गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दारावरची बेल, मग ताईचा आवाज.

"हेच औषध दिवसातून एकदा दिलं तर कानांना धोका कमी असतो म्हणतात," ताई तेव्हा साहेबांना म्हणाली होती.

साहेबांनी मानही वर केली नाही. "तो प्रश्न मी कधीच निकालात काढलाय. माझा लेख वाचा."

तिने वाचला. चव्वेचाळीस रुग्ण. तीनदावाल्या बावीस जणांत पाचांचे कान बिघडले, एकदावाल्या बावीसांत दोघांचे. इतक्या थोड्या माणसांत एवढा फरक योगायोगानेही पडतो, इथवर साहेबांचं बरोबर होतं. पण पुढे त्यांनी ठोकून दिलं होतं: 'दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित आहेत.' ताईने गणित मांडलं. फरक खरोखर एवढा असता, तरी चव्वेचाळीस जणांत तो पकडला जाण्याची शक्यता फार तर पाचात एक. सापडेल एवढी माणसंच घेतली नव्हती, आणि सापडलं नाही म्हणून ते नाहीच, असं साहेबांनी लिहून टाकलं होतं. त्या एका वाक्याच्या जोरावर वॉर्डात तीनदाची सुई चालू राहिली होती.

ताईने कॉलेज सोडलं, या रुग्णालयात अर्ज केला आणि दबा धरून बसली.

सहा वर्षांनी साहेब स्वतःच्या पायांनी समितीपुढे आले. इतर रुग्णालयं एकदाच्या इंजेक्शनकडे वळली होती, नवा, मोठा अभ्यास करून त्यांची तोंडं कायमची बंद करायची होती. "प्रत्येक गटात चाळीस पुरेत," ते म्हणाले.

"गव्हातले खडे काढायला तुम्ही मासेमारीचं जाळं घेताय, साहेब," आकडेबाई शांतपणे म्हणाल्या. "खडा अडकणार नाही, आणि तुम्ही म्हणाल गहू स्वच्छ आहे. प्रत्येक गटात तीनशे लागतील."

"सहाशे? माझी पाच-सहा वर्षं जातील त्यात!"

"जाऊ देत."

समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी बाईंचं गणित मान्य केलं. साहेबांनी धुसफुसत सही केली. अकराव्या पानावरची अट त्यांनी वाचलीही नाही: निम्मे रुग्ण झाले की आकडे एकट्या आकडेबाई पाहतील, आणि फरकाने ठरलेली रेषा ओलांडली तर अभ्यास तिथेच थांबेल.

बाईंच्या मनात शेवट पक्का होता. सहाशे रुग्ण, साहेबांचाच वॉर्ड, साहेबांचंच नाव, आणि भर परिषदेत साहेबांच्याच तोंडून साहेबांचा पराभव. पळवाटच ठेवायची नाही.

तीन वर्षांनी निम्मे रुग्ण पूर्ण झाले. एका दुपारी बाईंनी खोलीचं दार लावून आकडे उघडले. तीनदाच्या दीडशेत एकतीस विरुद्ध एकदाच्या दीडशेत तेरा. फरकाने रेषा ओलांडली होती, पण जेमतेम, केसाएवढी.

आता थांबवलं तर साहेब 'अर्धवट अभ्यास' म्हणून बोंब मारणार. कान तपासणीचे आणखी चार-पाच निकाल येऊ द्यावेत असं म्हटलं असतं, तर कुणी हटकलं नसतं; तेवढ्यात फरक रेषेखाली आला की अभ्यास चालूच राहिला असता. मग आणखी तीन वर्षांत साहेब पुरते लोळवता आले असते.

घरी त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं. सावकाश, तिला ओठ दिसतील असं. धाकटीने विचारलं, "उद्या तीनदाच्या गटात कोण दाखल होणार आहे?"

"मला कसं माहीत असणार?"

"मग मीच आहे असं समज," धाकटी म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडेबाईंनी अभ्यास थांबवण्याचं पत्र अध्यक्षांच्या हातात दिलं. सोबत बहिणीचा जुना केसपेपरही ठेवला. हे लपवलं ही आपली चूक, असं स्वतःच लिहून दिलं.

बैठकीत साहेब लालबुंद झाले. "सहाशेचा हट्ट यांचा, आणि तीनशेवर बंदही याच करणार? यांची बहीण माझी पेशंट होती! सूड आहे हा, शुद्ध सूड!"

"सूडच आहे," बाई म्हणाल्या. "आकडे मात्र तुमच्या वॉर्डातले आहेत. आणि अकराव्या पानावर सही तुमची आहे."

अध्यक्षांनी आकडे बाहेरच्या एका संख्याशास्त्रज्ञाकडे पाठवले. बाईंचं नाव त्यांना कळवलं नाही. चार दिवसांत उत्तर आलं: एकतीस, तेरा, रेषा ओलांडली आहे, ताबडतोब थांबवा. बाईंना माहिती लपवल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि समिती सोडावी लागली. वॉर्डातली तीनदाची सुई त्याच संध्याकाळी बंद झाली.

साहेबांना जुना लेख मागे घ्यावा लागला. शिवाय अध्यक्षांनी बजावलं की त्या एकतीस जणांना भेटून कारण सांगायचं, स्वतः, सहायकाला पाठवून नाही. धाकटीचं नाव बत्तिसावं लिहिलं गेलं.

साहेब बहिणींच्या घरी आले. सोफ्याच्या कडेला बसून खिडकीकडे पाहत काहीतरी पुटपुटले.

"मला दिसेल असं बोला," धाकटी म्हणाली.

साहेबांनी चेहरा वळवला. "माझ्या अभ्यासातून तो निष्कर्ष निघतच नव्हता. मी लिहायला नको होतं."

"पुन्हा. सावकाश."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग उठून दार उघडलं आणि ते जिना उतरेपर्यंत तशीच उभी राहिली.

"माफ केलंस?" ताईने विचारलं.

"छे! पहिल्याच वेळी कळलं होतं मला."

ताईला हसू आवरेना. म्हाताऱ्या माणसाची दया यायला हवी होती, निदान थोडी. ती आली नाही. त्या एकतिसांतले काही जण मात्र तिने मागितलेल्या मोठ्या आकड्यामुळे तीनदाच्या गटात गेले होते, आणि त्यांच्यासाठी बोट दाखवायला तिच्याकडे दुसऱ्या कुणाचंच नाव नव्हतं. सोमवारपासून ती त्यांच्या कानांच्या तपासणीला त्यांच्यासोबत जाऊन बसू लागली.