पंचवीसशे ते अठ्ठावीसशे

दहा नंबरचा नट – नखाएवढा, तेलाने काळवंडलेला – त्याच्या दोन बोटांत अर्धा आटा फिरला आणि थांबला. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोला जड झालेला धूर परस्पर बाहेर काढणाऱ्या झडपेची ही दांडी, तिच्यावरचा हा नट. अर्धा आटा इकडे, गाडी म्हातारी. अर्धा आटा तिकडे, पिसाळलेली.

तीस वर्षं गॅरेजात त्याने गाड्या पिसाळवल्याच होत्या. गिऱ्हाइकं उस्ताद म्हणत ती त्या लाथेसाठी – पाय दाबा, काही नाही... काही नाही... आणि इंजिनाच्या मिनिटाला पंचवीसशे फेऱ्यांवर टर्बो जागा होऊन पाठीत अशी बसे, की एकाची कवळी उडून मागे बसलेल्या सासूच्या मांडीत पडली होती. हा किस्सा दरवर्षी थोडा वाढे. यंदा कवळी मागची काच फोडून गेली होती.

पण तीच लाथ तीन वर्षांपूर्वी चढावरच्या वळणावर गाडी चालवणाऱ्या बायकोला बसली. गाडी कठड्याला घासली, आणि तो चारचौघांत म्हणाला होता, "पाय चुकला हिचा." त्या दिवसापासून ती बसने जाई.

आता तिला टेकडीवरच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती, आणि तिथे बस जात नव्हती.

"सोमवारी हजर व्हायचंय," ती म्हणाली होती. "गाडी धड चालली तर जाईन. नाहीतर नाही म्हणून कळवते."

चार दिवस तो लॅपटॉप घेऊन गाडीत बसला. चाकं जागच्या जागी फिरवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर पूर्ण पाय दाबून ताकदीची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ आणली. मग स्वतः सात वेळा चढ चढला. लोणी! काल तसंच सांगून तिला चावी दिली... आणि फाटकाबाहेरच हिसका.

"हेच ते लोणी का, उस्ताद?"

पाय चुकतो हिचा – जिभेवर आलंच होतं. पण सकाळी त्याने दोघांच्या चालवण्याची नोंद पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. तिचा पाय स्थिर. आणि त्याची रेघ पंचवीसशेच्या अलीकडे किंचित खाली... सातही वेळा. मी... पाय उचलतो? मी? घरच्या बुटक्या दाराशी वाकायची सवय झालेला माणूस दार उंच आहे म्हणून शपथ घेतो, तसं तीस वर्षं माझा पाय लाथ चुकवत होता, आणि मला सांगतही नव्हता, हरामखोर.

म्हणून आज हा नट सैल. आणि लॅपटॉपवर अर्ध्या दाबलेल्या पायाचे सगळे आकडे नव्याने – तिच्या पायाच्या मापाने. टर्बो थोडा लवकर जागा, पण डोळे चोळत.

संध्याकाळी ती चालवायला बसली, तो शेजारी. चढ लागला. ती शाळेबद्दल बोलत होती. त्याने फेऱ्यांच्या काट्यावर डोळा ठेवला. दोन हजार...

"...आणि कारकून म्हणे, बाई, कपाटाची किल्ली..."

चोवीसशे. पंचवीसशे. त्याने श्वास रोखला.

"...आधीच्या बाईंनी घरी नेली, आणि त्या तर..."

अठ्ठावीसशे! वाक्य तुटलं नव्हतं. तीन हजार – कठड्याचं वळण मागे पडलं, आणि किल्ली अजून सापडत होती! टपावर दोन्ही हातांनी ढोल बडवावा असं त्याला वाटलं.

शाळेच्या फाटकाशी तिने गाडी थांबवली. "गप्प का? काय केलंत तरी? मला तर काहीच जाणवलं नाही."

काहीच नाही! तीस वर्षांच्या शिट्ट्या-टाळ्या या दोन शब्दांपुढे फिक्या. आणि हा किस्सा कुणाला सांगायचा... काय झालं? काही नाही झालं. कसं झालं? जाणवलंच नाही. वाढवायला जागाच नाही.

"सोमवारी पावणेआठला निघेन," ती म्हणाली.

तो हसत होता, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशीच्या कठड्याचा दोष आता त्याच्या बाजूला सरकला आहे. सांगावं? आत्ता? आनंद ओसरत नव्हता, तीच गंमत – त्याच्याच खालून लाज वर येत होती, सावकाश, एका चालीने, आणि त्याला ती चुकवावीशी वाटत नव्हती.

"तो तुझा पाय..." त्याने सुरुवात केली.