काळी छत्री

"छत्री आत नेता येत नाई, बाई. काळी हाये," सभेच्या गेटवरचा पोलीस म्हणाला.

"अन् हे पोरगी सात महिन्याची पोटुशी हाये, थे दिसत नाई का तुले?" पार्बताबाईने शालूला पुढे केलं. "ऊन लागन ना तिले!"

"वरून ऑर्डर हाये. कोनी काळे झेंडे दाखवन म्हनून. आमी त मोजे बी काढून घेऊन राहिलो."

खरंच, गेटपाशी काळ्या ओढण्या, रुमाल, मोजे यांचा ढीग पडला होता. एवढं मोठं दिल्लीचं सरकार, आणि तेल्हाऱ्यातल्या कुणाच्या तरी मोज्यांना भ्यालं! पार्बताबाईने छत्री ढिगावर फेकली.

'पोटुशीनं उन्हात हिंडू नये' हे घरोघरी सांगण्यात गावची आशा सेविका असलेल्या पार्बताबाईची हयात गेली. आज तीच शालूला घेऊन आली होती. आरोग्य खात्याच्या साहेबांचा निरोप होता, दिल्लीच्या मंत्र्यांच्या सभेला लाभार्थी बाया आणा, नाहीतर योजनेतून नावं कटतील. शालूचा नवरा धम्मदीप नको म्हणत होता. "माह्या भरोशावर पाठव," असं पार्बताबाईच बोलली होती.

मांडव फक्त स्टेजला. मंत्री नारीशक्तीवर बोलत होते.

"मावशी, डोयापुढं अंधार येऊन राहिला."

भाषण संपेपर्यंत कुणाला बाहेर सोडत नव्हते. पार्बताबाई उठली आणि दोन्ही हातांनी पदर वर ताणून शालूवर सावली धरून उभी राहिली.

"ओ बाई, खाली बसा! मागच्यांले दिसून नाई राहिलं!" एक कार्यकर्ता ओरडला.

"मी बसली त हे मरन! तू येतं का उभा राहाले?"

ती बसली नाही. तरी भाषण संपता संपता शालू खुर्चीवरून खाली कोसळलीच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शालूला सलाईन चालू होतं. बाळाचे ठोके लागत होते, पण डॉक्टर खात्री देत नव्हते. धम्मदीपने पेपर आणून पार्बताबाईच्या मांडीवर टाकला. फोटोत ती हात वर करून उभी होती. खाली छापलं होतं, 'मंत्र्यांच्या भाषणाने भारावून उठलेल्या लाभार्थी भगिनी.' शालूला फोटोतून कापलं होतं.

"तुमच्या भरोशावर पाठवली होती, मावशी. अन् तुमी तिथं जयजयकार करून राहिल्या?"

पार्बताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, मी..." छापून आलेल्यापुढे तिचं कोण ऐकणार?

तेवढ्यात लाईट गेली, पंखा थांबला. शालूच्या कपाळावर घाम फुटला. पार्बताबाईने फोटोसकट पेपराची घडी घातली आणि तिला वारा घालू लागली.