शुक्रवारच्या संध्याकाळचा आलेख

पाठ

“हे काय आहे?” ब्रेकताईंनी विचारलं.

पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती. धाव, गचकन थांबणं. पुन्हा धाव, पुन्हा गचकन. शुक्रवारी संध्याकाळची रेघ, आणि शुक्रवारी दुपारपासून संघाला सुट्टी होती. आज शनिवार, रविवारी सामना.

मामा खुर्चीत जरा खाली सरकला. मामा म्हणजे फुटबॉल संघातला सर्वांत जुना बचावपटू. गोलरक्षक त्याच्याहून वर्षभरानेच लहान, तरी तोही मामाच म्हणायचा. सरावाच्या वेळी प्रत्येकाच्या अंगात घट्ट बंडी असते आणि तिच्या पाठीत काडेपेटीएवढं यंत्र. कोण किती पळाला, किती जोरात, कुठे थांबला, हे ते यंत्र टिपतं. ताण फार होतोय असं दिसलं की खेळाडूला थांबवायचं, हे ब्रेकताईंचं काम. नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

शुक्रवारी सकाळच्या सरावानंतर मामा बंडी काढायला विसरला. तिच्यावर शर्ट चढवून तसाच घरी गेला.

“आई,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“आईला सायकल शिकवत होतो.”

पाय

आईची साठी उलटलेली. तिच्या मैत्रिणी रोज सकाळी सायकलवरून तळ्यापर्यंत जायच्या आणि ही बाकावर बसून त्यांच्या पिशव्या राखायची. एक दिवस तिने कुणाला न विचारता जुनी सायकल विकत आणली, ती दिवाणखान्यात उभी केली आणि लेकाला म्हणाली, तू दिवसभर पळतोसच, थोडं माझ्यामागे पळ.

तो कॅरिअर धरून पळाला. कुत्रं दिसलं की ती दोन्ही ब्रेक दाबायची. बाक दिसलं की दोन्ही ब्रेक. स्वतःची सावली दिसली तरी दोन्ही ब्रेक. दर वेळी तो मागून येऊन चाकावर आदळायचा. सोडू नकोस, सोडलंस का, नाही गं, खरं सांग, असं पूर्ण रस्ताभर चाललं होतं. मग एकदा त्याने खरंच सोडलं. “नाही सोडलं” हे त्याचं उत्तर तिला फार लांबून ऐकू आलं, तेव्हा ती पडली नाही. पायडल मारत मारतच ओरडली, “मेल्या, लांबून काय बोलतोयस!”

ब्रेकताईंनी पडद्यावरच्या सगळ्यात उंच दात्यावर बोट ठेवलं. “आणि इथे?”

“इथे ती सुटली.”

“सुटली ना? मग तू एवढा का पळालास?”

मामा हसला. ताईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

जीभ

तेवढ्यात सर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, आत आले. त्यांचा दुसरा बचावपटू लाल कार्डामुळे बाहेर होता, म्हणून मामाशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. सगळं ऐकून ते म्हणाले, बंडी मेव्हण्याने घातली होती म्हण, विषय संपला.

ब्रेकताई शांतपणे म्हणाल्या, “यंत्राला पाठ ओळखता येत नाही. तू मेव्हणा म्हणालास तर मी मेव्हणा धरीन. मग उद्या खेळ.”

गेला जवळजवळ सगळा मोसम मामा बाहेर होता. उद्याचा सामना त्याच्या परतीचा. आईने सायकलवाल्या सगळ्या मैत्रिणींना बोलावून ठेवलं होतं. गेल्या वेळीही त्याला कुणीतरी विचारलं होतं, पाय कसा आहे, आणि तो म्हणाला होता, एकदम ठीक. त्यानंतर मांडीमागचा स्नायू फाटला तो आवाज गोलरक्षकापर्यंत गेला होता.

आज सकाळी जिना चढताना डाव्या मांडीच्या मागे काहीतरी झालं होतं. दुखलं नव्हतं. कुणी हळूच बाही ओढावी, तसं.

मेव्हणा. हा एक शब्द बोलला की झालं. शब्द तोंडात तयार होता.

“मेव्हण्याला पळता येत नाही हो, सर,” मामा म्हणाला. “पोट बघितलंत का त्याचं?”

मग आवाज खाली आणून: “सकाळपासून ओढतंय. डावीकडे.”

सर खुर्चीत बसले. ब्रेकताईंनी संगणक मिटला. नीट जपलंस तर पुढचा सामना तुझा, म्हणाल्या, आणि आज आई विमान चालवायला शिकणार असली तरी तू घरी पाय वर करून पडायचं.

मांडी

रविवारी तो साध्या कपड्यांत आईशेजारी प्रेक्षकांत बसला. इतक्या वर्षांत मैदान त्याने इथून पाहिलंच नव्हतं. ते त्याला फारच लहान वाटलं. पंच कुणाच्या बाजूचा, हे आईने पहिल्यांदा ठरवून टाकलं. मग मामाच्या जागी उतरलेला उंच पोरगा किती छान उभा राहतो, असं मैत्रिणींना सांगितलं. लेकाकडे बघून म्हणाली, तुझ्याइतका नाही, पण छान.

शेवटी शेवटी कोपऱ्यावरून चेंडू उंच आला. पोरगा उडी मारायला किंचित चुकला. मामाचा डावा पाय आपोआप सुटला आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर धाडकन बसला. खुर्चीतला गृहस्थ रागाने मागे वळला.

“माफ करा हं,” आई त्याला म्हणाली. “खेळतोय तो.”

चेंडू गोलरक्षकाने धरला होता. आईने तळवा लेकाच्या मांडीवर ठेवला, जरासा दाबला, आणि मैदानावरची नजर न हलवता शिट्टी होईपर्यंत तिथेच राहू दिला.