'समाधान' लिहिलेले पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि आज माझे डोके फिरलेले आहे. गोडगोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आधीच सांगून ठेवते.

माझी उमेदीची वर्षे एका शिंप्याकडे गेली. दोनदा मोजून खडूची रेघ मारल्याशिवाय तो मला हात लावत नसे. मला वापरून कोणी कागद कापला तर पाठीत धपाटा मिळे, कारण कागदाने धार जाते. पुढे त्याची मुलगी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागली आणि वडिलांची आठवण म्हणून मला घेऊन गेली. तिथे माझ्या नशिबी कागदच आला.

या बाईंचे विद्यार्थी लोकांशी तासन्‌तास बोलतात, ते बोलणे जसेच्या तसे उतरवतात, मग पट्ट्या कापून एकेका मुद्द्याच्या पाकिटात घालतात. आधी अख्खे वाचा, मग कापा, असे बाई पहिल्याच तासाला बजावतात. शेवटी शिंप्याचीच लेक.

यंदा एका मुलीने रुग्णालयाच्या धुलाईखान्यातल्या बायकांवर अहवाल लिहायला घेतला. तिथे वाफ बाहेर टाकणारा पंखा बसवायचा की नाही, हे रुग्णालय तो अहवाल वाचून ठरवणार होते. तिचे 'त्रास' लिहिलेले पाकीट फुगून फाटायला आले होते. 'समाधान' मात्र रिकामे. अहवाल द्यायला दोन दिवस उरलेले, आणि एकच बाजू मांडली तर परीक्षक नावे ठेवतील ही धास्ती. तिने चादरी धुणाऱ्या मावशींचे पान ओढले. 'मला काम आवडतं' एवढेच शब्द कापून काढायला मला चालवले. ती पट्टी 'समाधान'मध्ये गेली, उरलेले वाक्य केराच्या टोपलीत. न कापलेली प्रत शेजारच्या कपाटात होती, तरी बाईंनी ती न पाहताच सही ठोकली. मी त्यांनाही माफ केलेले नाही.

महिन्याभराने मावशी स्वतः आल्या, अहवालाचे पान घेऊन. कामगार समाधानी आहेत, तेव्हा पंख्याची गरज नाही, असे त्यांना कळवले होते. जिना चढून आल्यामुळे त्या बराच वेळ खोकत राहिल्या.

"ताई, काम आवडतं म्हणाले मी. पण वाफेनं छाती भरते, दोन बायका काम सोडून गेल्या, हेही त्याच दमात बोलले होते ना?"

मुलीने कपाटाकडे बोट केले. बाईंनी कपाटातून प्रत काढली आणि वाचता वाचता खुर्चीत बसल्या. मावशींनी टेबलावरून मला उचलले, पात्यावर अंगठा फिरवला.

"धार गेलीय हिची," त्या म्हणाल्या. "तरी माझं बोलणं तोडायला पुरली."

मित्रांनो, मला तेल घाला किंवा गंजू द्या, माझी तक्रार नाही. पण समोरच्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत मला खणातून बाहेर काढू नका. बाईंनी नवा अहवाल पाठवला आहे. रुग्णालयवाले तो पुढच्या वर्षीच्या बैठकीत ठेवणार आहेत म्हणे, आणि धुलाईखाना रोज सकाळी सातला सुरू होतो.